मागचे केस पुढे

केशरोपणात नवा केस एकही तयार होत नाही. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस मुळासकट काढायचे आणि पुढे टक्कल पडलंय तिथे लावायचे, एवढाच तो व्यवहार. माझ्या धाकट्या भावाने हे करून घेतलं, तेव्हापासून नात्यातलं, शेजारचं, शाळेतलं कोणी ना कोणी मला बाजूला घेऊन विचारतं, "करावं का हो?" मी प्रत्येकाला आधी हेच सांगते, कारण बाकीचं सगळं यातूनच निघतं. मागे जेवढं आहे त्यातूनच पुढे येणार. ते कधी, कुठे आणि किती वापरायचं हे ज्याने नीट ठरवलं त्याचं काम चांगलं होतं. यंत्र कुठलं, पद्धत कुठली, हे प्रश्न त्यानंतरचे.

टक्कल कितीही वाढलं तरी एका कानामागून दुसऱ्या कानामागे जाणारी केसांची पट्टी शाबूत राहते. आमच्या बाबांची शेवटपर्यंत होती, मामाची अजून आहे. पुरुषांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाचं संप्रेरक तयार होतं, डॉक्टर त्याला डीएचटी म्हणतात. ज्यांच्यात तशी आनुवंशिकता असते, त्यांच्या कपाळावरच्या आणि टाळूवरच्या केसांच्या मुळांना हे डीएचटी सोसत नाही. म्हणून केस एकदम जातो असं नाही. गळून परत येताना तो आधीपेक्षा बारीक आणि आखूड येतो, पुढच्या खेपेला आणखी बारीक, आणि शेवटी नुसती लव उरते. मागच्या पट्टीतली मुळं मात्र त्याला फारशी दाद देत नाहीत. टक्कल आईच्या घराण्यातून येतं असं आपल्याकडे ठामपणे सांगतात. त्यातलं एक महत्त्वाचं जनुक आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर आहे हे खरं, पण इतर कितीतरी जनुकं दोन्ही बाजूंनी येतात. त्यामुळे मामाचा माथा बघून भाच्याचं भविष्य सांगता येत नाही.

संप्रेरकं आणि टक्कल यांचा संबंध जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी संशोधकाने १९४२ मध्ये मांडला. वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण काढले गेले होते अशा पुरुषांना टक्कल पडत नाही, हे त्याने दाखवलं. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जाऊ लागले. रोपणाची गोष्ट त्याच्याही आधीची. जपानमध्ये शोजी ओकुदा या त्वचारोगतज्ज्ञाने भाजलेल्या, व्रण पडलेल्या जागी केसांसकट त्वचेचे बारीक गोल तुकडे बसवले होते आणि १९३९ मध्ये ते छापलंही होतं. पण लेख जपानीत, पाठोपाठ महायुद्ध, त्यामुळे बाकी जगाला कितीतरी वर्षं पत्ताच लागला नाही. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्रिक यांनी १९५२ मध्ये टकलासाठी हेच केलं आणि १९५९ च्या निबंधात त्यामागचं तत्त्व सांगितलं: केस जिथून आणला तिथला गुण तो बरोबर घेऊन येतो. मागचा न गळणारा केस पुढे लावला तरी न गळणाराच राहतो. सगळं केशरोपण या एका निरीक्षणावर उभं आहे. तेव्हाचे तुकडे चार-चार मिलिमीटरचे असत, त्यामुळे केस झुपक्यांनी उगवलेले दिसत आणि केलेलं काम लांबून ओळखू येई. आज एक ग्राफ्ट म्हणजे मुळातच एकत्र उगवणारा एक ते चार केसांचा पुंजका, आणि तो तसाच्या तसा उचलतात.

भावाचे केस पंचविशीनंतर मागे सरकू लागले. तिशी ओलांडेपर्यंत कपाळाच्या दोन्ही बाजू खोल गेल्या आणि मधला भाग विरळ झाला. त्याने कधी तोंडाने तक्रार केली नाही, पण मला दिसत होतं. लोकलच्या दारात वारा खात उभं राहणारा मुलगा आत गर्दीत शिरून उभा राहायला लागला. पावसाचे चार थेंब आले तरी छत्री उघडायचा, कारण भिजल्यावर केस चिकटतात आणि खालची त्वचा दिसते. ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगला बसला की कॅमेरा असा लावायचा की चौकट भुवयांच्या जरा वरच संपेल. लग्नाचं बघणं चालू होतं. एका घरून निरोप आला की बायोडेटावरचा फोटो जुना दिसतो, अलीकडचा पाठवा. त्या दिवशी तो जेवला नाही. याला कोणी हौस किंवा चोचले म्हटलं की मला राग येतो. माणूस आरशासमोर रोज उभा राहतो, आणि तिथे रोज काहीतरी कमी होताना बघणं सोपं नसतं. कोणी टक्कल मोकळेपणाने मिरवतं, त्याचं मला खरंच कौतुक आहे. पण ज्याला ते जमत नाही त्याला "त्यात काय एवढं" म्हणणाऱ्यांनी थोडं थांबावं.

पहिल्यांदा आम्ही जाहिरात बघून एका चकचकीत केंद्रात गेलो. तिथे डॉक्टर भेटलेच नाहीत. काउन्सेलर म्हणून एक मुलगी समोर बसली, टॅबवर आधीचे-नंतरचे फोटो दाखवले, भावाच्या कपाळाकडे बघितलं आणि म्हणाली, चार हजार ग्राफ्ट लागतील. आजच नोंदवलं तर पीआरपीच्या, म्हणजे आपल्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग डोक्यात टोचतात त्याच्या, दोन बैठका मोफत, हप्त्यांची सोय लगेच. त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला कोणी हातसुद्धा लावला नाही. जिथून केस काढायचे ती जागा न बघता किती लावणार हे कसं सांगता येईल? आम्ही उठून आलो.

नंतर ज्यांच्याकडे गेलो त्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी त्याला खुर्चीवर बसवून आधी मागूनच बघायला सुरुवात केली. डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग, मागच्या केसांवर टेकवला आणि पडद्यावर आम्हाला दाखवलं: कुठे एका छिद्रातून एक केस, कुठे दोन, कुठे तीन. मग तोच कपाळाजवळ नेला. तिथे जाड केसांच्या शेजारी बारीक, फिकट केस मिसळलेले दिसत होते. पुरुषी टकलाची ती खूण. मग त्यांनी जो हिशेब सांगितला, तो मी अजून प्रत्येकाला सांगते. मागच्या भागात एका चौरस सेंटिमीटरमध्ये साधारण सत्तर-ऐंशी पुंजके असतात. त्यातले थोडेच काढता येतात, नाहीतर मागेच विरळ ठिगळं दिसू लागतात. बहुतेकांकडून आयुष्यभरात मिळून पाच-सहा हजार पुंजके निघतात, काहींकडून त्याहूनही कमी. पूर्ण टक्कल पडलेला माथा असतो २०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास. तिथे जन्मतः होती तेवढी दाटी परत आणायची तर चौदा-पंधरा हजार पुंजके लागतील. ते कोणाकडेच नसतात. मदतीला एकच गोष्ट आहे: साधारण निम्मे केस जाईपर्यंत डोळ्याला विरळपणा जाणवत नाही, म्हणून निम्म्या दाटीतही काम भागतं. पण तेही सगळीकडे भागेल इतका साठा नसतो. भाऊ गप्प होऊन ऐकत होता. मला वाटतं, खरी माहिती त्याला त्या दिवशी पहिल्यांदा मिळाली.

त्यांनी लगेच तारीख दिली नाही. आधी रक्त तपासायला पाठवलं: हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, थायरॉइड, ड जीवनसत्त्व. केस गळण्याची कारणं अनेक आहेत आणि त्यातल्या बऱ्याच कारणांत रोपणाचा काही उपयोग नसतो. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, बाळंतपण, मोठं आजारपण यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठ-मूठ जातात आणि बहुतेक वेळा आपले आपण परत येतात. चाई पडते ती शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने मुळांवर हल्ला केल्यामुळे. ती जोरात असताना रोपण केलं तर लावलेलेही जाऊ शकतात. २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये दोनशेहून जास्त माणसांचे केस काही दिवसांत गेले, लहान मुलंही त्यात होती. कोणी त्याला टक्कल व्हायरस म्हटलं, लोकांनी घाबरून मुंडण केलं. आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, पथक आलं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तपासण्या करून शरीरात सेलेनियम खूप वाढल्याचं सांगितलं आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. पुढे कित्येकांचे केस परतही आले. अशा माणसाला केशरोपण विकणारा कोणी भेटला असता तर? म्हणून गळणं नक्की कशाने आहे हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नये, हे मी फार आग्रहाने सांगते.

भावाचं रक्त ठीक निघालं. मग औषधं सुरू झाली: मिनॉक्सिडिल लावायला, फिनास्टेराइडची एक मिलिग्रॅमची गोळी रोज. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणून तिचा लोशन झाला आणि १९८८ मध्ये अमेरिकेत टकलासाठी मान्यता मिळाली. फिनास्टेराइडची गोष्ट डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांपासून सुरू होते. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणारं एक विकर (एन्झाइम) त्यांच्यातल्या मुलांमध्ये जन्मतः कमी होतं, आणि मोठेपणी त्या पुरुषांना टक्कल पडत नव्हतं. १९७४ मध्ये ते प्रसिद्ध झालं, त्यावरून हे विकर अडवणारं औषध निघालं. आधी प्रोस्टेट ग्रंथी वाढते त्यासाठी, आणि १९९७ पासून केसांसाठी. गोळीबद्दल बोलताना बाईंनी मला दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं. थोड्या टक्के पुरुषांना कामेच्छा कमी होणं, ताठरतेत अडचण असे त्रास होतात. ते त्याला बहिणीसमोर विचारता आलं नसतं, हे त्यांच्या लक्षात आलं. चांगला डॉक्टर ओळखायचा तो अशाच गोष्टींवरून.

वर्षभर औषधं घेतल्यावर गळती थांबली, मधला भाग थोडा भरला, कपाळाच्या बाजू मात्र तशाच राहिल्या. गेलेली मुळं औषधाने परत येत नाहीत. आता रोपणाला अर्थ होता. गळती धावत असताना पुढे केस लावले तर लावलेले राहतात आणि त्यांच्या मागचे जातात, मग पुढे एक पट्टी आणि मागे मोकळं मैदान. विशी-बाविशीतल्या मुलांनी घाई करू नये ती याचसाठी. टक्कल कुठवर जाणार हे त्या वयात कळलेलं नसतं, आणि साठा तेव्हाच खर्च झाला तर चाळिशीत हातात काही उरत नाही.

कपाळाची रेषा ठरवायच्या दिवशी भावाने मोबाइलमधून कॉलेजातला फोटो काढून दाखवला. बाईंनी मार्करने रेषा काढली, तो आरशात बघून म्हणाला, "मॅडम, अजून जरा खाली घ्या ना." त्यांनी घेतली नाही. उलट कानशिलांजवळचे दोन कोपरे थोडे आतच ठेवले. "तू पन्नाशीचा होशील तेव्हाही हे कपाळ तुला शोभलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "आणि रेषा एक बोट खाली आणायला जे चार-पाचशे ग्राफ्ट जातील, ते मला तुझ्या टाळूसाठी राखून ठेवायचेत." त्याचा चेहरा उतरला होता. तरी मला वाटतं त्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय तोच होता, आणि गिऱ्हाईक नाराज होईल या भीतीने अनेक ठिकाणी तो घेतला जात नसणार.

जीवाच्या धोक्याबद्दल लिहायलाच हवं. मार्च २०१९ मध्ये मुंबईत त्रेचाळीस वर्षांचा एक व्यावसायिक केशरोपणानंतर दोन दिवसांत गेला. एकाच बैठकीत साडेनऊ हजार ग्राफ्ट लावल्याचं आणि तीव्र ॲलर्जीची शंका असल्याचं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. २०१६ मध्ये चेन्नईत एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा मृत्यू झाला होता, तेही सलूनसारख्या केंद्रात रोपण करून घेतल्यावर. पूर्ण भूल लागत नाही, चिरफाड वरवरची असते, म्हणून लोक याला पार्लरमधलं काम समजतात. प्रत्यक्षात तासन् तास चालणारी ती शस्त्रक्रिया आहे. बधिर करायला लिग्नोकेन टोचतात, त्याचं प्रमाण वजनाप्रमाणे मोजून द्यावं लागतं, आणि ते जास्त झालं तर मेंदूवर आणि हृदयावर परिणाम होतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं की हे काम प्लास्टिक सर्जरी किंवा त्वचारोग या विषयांत रीतसर पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांचं आहे. यूट्यूब बघून किंवा एखाद्या कार्यशाळेला बसून शिकायची ही गोष्ट नाही. तेव्हा डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक मागा, महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे पडताळून बघा. भूल कोण देणार, छिद्रं कोण पाडणार, डॉक्टर खोलीत किती वेळ असणार, रिॲक्शन आलीच तर ऑक्सिजन आणि औषधं हाताशी आहेत का, हे तोंडावर विचारा. टेक्निशियन मदतीला असतात आणि असावेतच, त्यांच्या हातात फार कसब असतं. पण डॉक्टरच्या जागी टेक्निशियन असू नये. तुर्कस्तानात इस्तंबूलला जाऊन केशरोपण करून येणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. शिवाय परतल्यावर काही बिघडलं तर कोणाकडे जाणार, तेही आधी ठरवून ठेवा.

शस्त्रक्रियेच्या दिवशी त्याला पुढून बटणं असलेला शर्ट घालून बोलावलं होतं, म्हणजे डोक्यावरून काही काढायला-घालायला नको. सकाळी पोटभर नाश्ता करायला सांगितलं होतं. डोकं बारीक भादरलं, फोटो काढले, मग बधिर करण्याची इंजेक्शनं. सगळ्यात जास्त दुखलं ते तेवढंच, तो म्हणाला. कपाळाची इंजेक्शनं फारच. त्यानंतर काही कळत नाही, नुसता दाब जाणवतो. तो पालथा झोपला आणि बाईंनी जेमतेम एक मिलिमीटरही न भरणाऱ्या गोल पंचने एकेक पुंजका सोडवायला घेतला. याला एफयूई म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत, एफयूटीत, मागून त्वचेची एक पट्टीच कापून काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचे पुंजके वेगळे करतात. त्यात मागे एक लांब व्रण राहतो. एफयूईत ठिपक्यांएवढे व्रण राहतात. "व्रणच नाही" असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

मधल्या वेळात मला टोपी, मास्क, गाऊन घालून काचेच्या बशीपाशी नेलं. गार सलाइनमध्ये ग्राफ्ट ठेवले होते. मी खरंच बघत राहिले. तांदळाच्या कणीएवढा जीव: वर काळा ताठ केसाचा खुंट, खाली पांढुरकं पारदर्शक वेष्टन आणि टोकाला फुगीर कंद. टेक्निशियन ताई भिंगाखाली त्यांची वाटणी करत होत्या. एक केसवाले एकीकडे, दोनवाले दुसरीकडे, तीन-चारवाले तिसरीकडे. एक केसवाले सगळ्यात पुढच्या रेषेत जातात, कारण जन्मजात कपाळाची कडही तशीच, एकेका केसाची आणि जराशी वाकडीतिकडी असते. दाट पुंजके त्यांच्या मागे. ग्राफ्ट धरायचा तो वेष्टनाला, कंदाला चिमटा लागू द्यायचा नाही. शरीराबाहेर जितका वेळ जाईल तितके कमी जगतात, सुकले तर काही मिनिटांतही मरतात. म्हणून एकाच दिवसात अफाट आकडे गाठायच्या जाहिराती मला भीतीदायक वाटतात.

दुपारी त्याने उठून बसून वरण-भात खाल्ला. नंतर पुढचं काम. बाईंनी आधी सगळ्या बारीक खाचा स्वतः पाडल्या. पुढचे केस त्वचेला जवळजवळ टेकून, पुढच्या दिशेला झुकून निघतात; कानशिलाजवळ ते खाली वळतात. खाच ज्या कोनात पडली त्या कोनात केस जन्मभर उगवणार. ते काम झाल्यावर दोघी टेक्निशियन दोन बाजूंना बसून ग्राफ्ट रोवत गेल्या. २२०० च्या आसपास ग्राफ्ट, म्हणजे साडेचार-पाच हजार केस. संध्याकाळ झाली.

पुढचे दहा दिवस घरच्यांनी सांभाळायचे असतात, त्याबद्दल कोणी फार बोलत नाही. पाठीमागे उशा रचून अर्धवट बसूनच झोपायचं. पुढच्या भागावर दर थोड्या वेळाने सलाइनचा फवारा. तिसऱ्या दिवशी कपाळ सुजलं, चौथ्या दिवशी सूज डोळ्यांवर उतरली आणि त्याला डोळे उघडता येईनात. आई घाबरली. हे आधी सांगितलेलं होतं, दोन दिवसांत ओसरलंही, तरी बघवत नाही. पहिलं डोकं दवाखान्यात धुतलं आणि मला शिकवलं: शाम्पूचा नुसता फेस तळहातावर घेऊन टेकवायचा, चोळायचं नाही, शॉवर बंद, मगाने हळू धार सोडायची. प्रत्येक ग्राफ्टभोवती रक्ताची बारीक खपली असते. नखाने काढायचा फार मोह होतो. पाण्याने मऊ होत होत दहाव्या दिवसापर्यंत त्या आपोआप पडल्या. तोवर ग्राफ्टही त्वचेत पक्के झालेले असतात. मागे खाज आणि माथ्याला बधिरपणा मात्र काही महिने राहिला. कंगवा फिरवला तरी कळायचं नाही. सिगारेट तो ओढत नाही, ओढत असता तर आधी आणि नंतर काही आठवडे बंद करावी लागली असती, कारण तिने त्वचेचा रक्तपुरवठा आकसतो.

खपल्या गेल्या, बारीक केस उभे दिसायला लागले, घरात आनंद झाला. आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ते गळायला लागले. उशीवर, टॉवेलवर, हातावर. काही आठवड्यांत लावलेले जवळपास सगळे गेले, शेजारचे मूळचेही थोडे गेले. माथा आधीपेक्षा वाईट दिसू लागला. हे होणारच असतं. जागा हलवल्याच्या धक्क्याने केस गळतो, मूळ आत जिवंत राहतं आणि तीनेक महिने विसावा घेऊन पुन्हा कामाला लागतं. हे सगळं माहीत असूनही त्याची झोप उडाली. पैसे पाण्यात गेले, असं तो एकदा म्हणाला. आई रत्नागिरीकडची, भातशेतीत वाढलेली. ती त्याला म्हणाली, "अरे, तरवा काढून लावणी केली की आठ दिवस सगळं खाचर पिवळं पडतं. म्हणून कोणी रोप उपटून मूळ धरलंय का बघत नाही." डॉक्टरांनी चार वेळा सांगून जे त्याच्या मनात उतरलं नव्हतं, ते त्या एका बोलण्याने उतरलं.

चौथ्या महिन्यात नवे केस आले ते बारीक, कुरळे, थोडे राठ. मधूनमधून पुळ्या येत होत्या, केस त्वचा फोडून बाहेर येताना तसं होतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, यापेक्षा घाई कोणाला करता येत नाही. सहाव्या महिन्यात पुढचा आकार दिसू लागला, दहाव्या-बाराव्या महिन्यात केस जाड झाले, सरळ झाले. टाळूवर केलं तर दीड वर्षही लागतं. आज भर ट्यूबलाइटमध्ये अगदी जवळून बघितलं तर पुढची त्वचा थोडी दिसते. कॉलेजच्या फोटोतले केस ते नाहीत. पण कपाळाला चौकट आली, आणि न्हाव्याकडे जाऊन तो आता पाठीला टेकून निवांत बसतो.

खर्चाचं थोडक्यात. ग्राफ्टमागे भाव असतो, शहर आणि डॉक्टर बदलला की तो दुप्पट-तिप्पट होतो, वर १८ टक्के जीएसटी. अपघात किंवा भाजल्यामुळे गेलेल्या केसांचं वेगळं, एरवी आरोग्य विमा यात काही देत नाही. बोलणी करताना ग्राफ्ट की केस, कशाचा आकडा सांगतायत ते नीट विचारा. हजार ग्राफ्ट म्हणजे दोनेक हजार केस, आणि हा घोटाळा मुद्दाम केला जातो. औषधं चालूच ठेवावी लागतात, कारण मूळचे उरलेले केस डीएचटीच्या तावडीतून सुटलेले नाहीत.

बायकांचं वेगळं आहे आणि त्यावर फार कमी बोललं जातं. आपला भांग रुंद होत जातो, कपाळाची कड बहुतेक वेळा टिकते, आणि विरळपणा अनेकदा मागेही पसरलेला असतो, म्हणजे काढायला भक्कम जागाच नसते. त्यामुळे रोपण फार थोड्या जणींना लागू पडतं. लोह, थायरॉइड, पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार, घट्ट बांधलेल्या केसांचा ताण हे आधी बघायला हवं. गंगावनाखाली वर्षानुवर्षं झाकून ठेवण्यापेक्षा डॉक्टरला दाखवावं, एवढंच सांगते.

भावाचा भोवरा आता विरळ होतोय. तिथेही करून टाकू का, असं त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, पस्तिशी उलटू दे. भोवऱ्याला ग्राफ्ट भरपूर लागतात, दिसून येतं कमी, आणि सभोवतालचं टक्कल वाढत गेलं तर मधेच एक बेट राहतं. औषधाने किती टिकतंय ते आधी बघू. त्याने मानलं. गेल्या आठवड्यात माझ्या एका सहकारी शिक्षिकेने तिच्या मुलासाठी विचारलं. मुलगा बावीस वर्षांचा, ऑफर महिनाअखेर संपतेय म्हणून घाईत आहे. त्याला मी बाईंचा पत्ता दिलाय, आधी रक्त तपासून घे म्हटलंय, आणि निदान तीन-चार वर्षं केशरोपणाचे पैसे कोणाकडेही भरू नकोस, हे त्याच्या आईसमोरच स्पष्ट सांगितलंय.